देवाचें राज्य यावयाचें कधीं?



दिवाळींत ओवाळतांना आपल्या आयाबहिणी बळीचें राज्य येवो असें म्हणतात. ख्रिस्ती बंधूहि आपल्या प्रार्थनेंत देवाचें राज्य येवो असें मागतात. पारावर हें बोलणें चाललें असतां एका वृद्ध कुंभारदादांनीं आम्हांला विचारलें, "मास्तर, ह्ये राज्य येनार कवा? तवर आमी निस्ती वाटच बघायची व्हय?" प्रश्न मोलाचा आहे. ख्रिस्ती धर्म त्याचें काय उत्तर देतो तें आज सांगतों.

आपल्याकडे कलियुग सरलें कीं पुन्हां सत्ययुग, असा काळाचा रहाट फिरत राहतो. ख्रिस्ती समजुतींत काळ नांगराच्या तासासारखा आहे. एका बांधापासून निघाला तो दुसऱ्या बांधाला पोंचणारच. शेवटीं ख्रिस्त पुन्हां येईल, मेलेले उठतील, सर्वांचा न्याय होईल आणि सृष्टि नवी होईल. मग कोणाला मरावें लागणार नाहीं कीं रडावें लागणार नाहीं. बायबलाच्या शेवटच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकांत हें आहे. त्यांतील हजार वर्षांच्या राज्याविषयीं मात्र त्यांच्यांतच मतभेद आहेत. कोणी तीं वर्षें मोजून हजार धरतात, कोणी तो दृष्टांत समजतात.

तो दिवस पित्यावांचून कोणासच ठाऊक नाहीं, असें येशूनें सांगून ठेविलें आहे. तरी अमेरिकेंत विल्यम मिलर नांवाच्या शेतकऱ्यानें शास्त्रांतील आंकड्यांचा हिशेब मांडला आणि त्याच्या अनुयायांनीं २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नक्की केला. कांहींनीं शेतांतलें पीकहि काढलें नाहीं. तो दिवस आला तसा गेला आणि लोक रडत बसले. मुहूर्त सांगणाऱ्याच्या नादीं लागलें कीं कुणब्याचें असें होतें, मग पोथी कोणत्याहि धर्माची असो.

आतां न्यायाच्या दिवशीं विचारणार काय? मत्तयाच्या शुभवर्तमानांत तें आहे. भुकेल्याला जेवूं घातलें काय, उघड्याला वस्त्र दिलें काय, परक्याला घरांत घेतलें काय, बंदिवानाला भेटलांत काय? तेथें जात विचारलेली नाहीं. शिवाय हें राज्य मोहरीच्या दाण्यासारखें आहे, असेंहि येशू सांगतो. म्हणजे तें पुढें यावयाचें आहे आणि आजच रुजतहि आहे.

हा दाणा आपल्या मुलखांतहि पडला. १८५२ सालीं वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरास आले. १८९४ सालीं डॉक्टर वानलेस यांनीं मिरजेस इस्पितळ काढलें. जोतीराव फुले ख्रिस्ती झाले नाहींत, तरी १८७३ च्या ‘गुलामगिरी’ ग्रंथांत त्यांनीं येशूला बळीराजाच्या पंक्तीस बसविलें. नारायण वामन टिळकांनीं १९१७ सालीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्यास व न घेतलेल्यासहि त्यांत जागा होती.

पण खरें तेंहि बोललें पाहिजे. बाप्तिस्मा घेऊनहि कित्येक घरांतून सोयरीक जुळवितांना जात सुटली नाहीं. आणि पुढें न्याय होणारच आहे, आज सोसा, असें गरिबाला सांगणारे सर्व धर्मांत निघाले. असा उपदेश सावकाराला गोड लागतो. परंतु वर सांगितलेल्या न्यायांत तो बसत नाहीं, कारण तेथें आजच्या वागण्याचाच झाडा घेतला जातो.

तेव्हां कुंभारदादांना आमचें उत्तर असें. पाऊस कोणत्या दिवशीं पडेल हें कुणब्याला ठाऊक नसतें. म्हणून तो बांधावर बसून राहत नाहीं. मृगाआधीं रान नांगरून, कुळवून तयार ठेवतो. बळीचें म्हणा, देवाचें म्हणा, त्या राज्याची वाट अशीच पाहावयाची. ज्याच्या ओट्यावर आज परक्याला पाणी मिळतें, त्याच्या घरापुरतें तरी तें राज्य आलें असें आम्ही समजतों.