ताटातील प्रतिष्ठा



माणूस भुकेपोटी खातो हे खरे. पण काय खावे, हे केवळ भूक ठरवीत नाही. पाहुणा आला की सोलापूर-मराठवाड्यातील कितीतरी घरांत भाकरीचे पीठ बाजूला राहते आणि पोळीसाठी कणीक भिजते. पाहुण्यापुढे भाकरी ठेवली तर घराची अब्रू जाते, असा हा अलिखित कायदा. गड्याला भाकरी, मालकाला पोळी. आणि सर्वांत शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला उरलेली शिळी भाकरी!

वास्तविक या कोरडवाहू मुलखाचे हक्काचे धान्य तेच. मालदांडीसारखे रब्बीचे वाण जमिनीत मुरलेल्या ओलीवर पिकते, त्याचा कडबा जनावरे पोसतो. गव्हाला मात्र पाण्याच्या पाळ्या द्याव्या लागतात. बाजरीत शंभर ग्रॅममागे सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते, सडलेल्या पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसते. जेथे निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आहेत, तेथे ही लहान बाब नव्हे.

मग लोकांनी भाकरी सोडली ती अज्ञानापोटी काय? असे म्हणणे हा सुखवस्तूंचा उद्धटपणा होय. साठीच्या दशकात आलेल्या संकरित ज्वारीचे पावसात काळे पडलेले स्वस्त दाणे ज्यांनी दळले, १९७२च्या दुष्काळात लाल मिलोवर ज्यांनी दिवस काढले, त्यांना भरड धान्यात लाचारीची चव लागली, यात नवल कसले? पोळी ही त्यांच्या लेखी बरोबरीची खूण होती.

शासनानेही हीच उतरंड पक्की केली. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन आणि भरड धान्य एक रुपया किलो! २०२३ पासून हे धान्य मोफत झाले, तरी शिधापत्रिकेवर मिळते ते मुख्यतः गहू आणि तांदूळच. त्याच वर्षी भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष थाटात साजरे झाले. ज्वारी 'श्रीअन्न' ठरली आणि शहरातील उपाहारगृहांत मानाने मिरवू लागली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या ज्वारीची हमीभावाने पुरेशी खरेदी, रेशनवर आणि शाळेच्या आहारात तिचा नियमित पुरवठा, या मागण्या त्यामुळेच एकत्र मांडाव्या लागतील.

आणि चळवळीच्या शिबिरांचे काय? तेथील समारोपाच्या पंगतीतही मान पुरी-भाताचाच असतो. पुढील शिबिरात अध्यक्षांच्या ताटात प्रथम भाकरी वाढावी, आणि ती थापण्याचे काम केवळ भगिनींवर सोपवू नये.