पाळी आली नाही, तर छातीही तपासा



गटाच्या बैठकीत एक प्रश्न नेहमी येतो, पण बैठक संपल्यावर, चप्पल घालताना, हळू आवाजात. "ताई, पोरगी सोळाची झाली, अजून पाळी नाही."

पुष्कळदा कारण साधं निघतं. वजन कमी असतं, किंवा आईचीच पाळी उशिरा आलेली असते. पण पाळी नाही आणि उंचीही बहिणींपेक्षा फारच कमी, असं दोन्ही असेल तर डॉक्टर टर्नर सिंड्रोमची शंका घेतात आणि रक्ताची तपासणी सांगतात. बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात. या मुलींत एक पूर्ण असतं, दुसरं नसतं किंवा अर्धवट असतं. साधारण २,००० ते २,५०० मुलींमागे एकीला हे असतं. ग्रहणात भाजी चिरल्यानं हे होत नाही. आईचा दोष नाही, बापाचाही नाही. बुद्धीही बहुतेक जणींची चारचौघींसारखीच असते.

घरात मग चर्चा होते ती उंचीची आणि लग्नाची. छातीत काय चाललंय, ते कुणी विचारत नाही. आणि जिवावर बेततं ते तिथंच.

हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. तिच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते. टर्नर असलेल्या बऱ्याच जणींत ती दोनच पाकळ्यांची असते. काही जणींत महाधमनीच मध्ये चिंचोळी असते. ठिबकची नळी दुमडली की अलीकडे दाब वाढतो आणि पुढच्या झाडाला पाणी पोचत नाही, तसंच हे. हाताचं बीपी जास्त, पायाचं कमी. म्हणून अशा मुलीचं बीपी दोन्ही हातांत आणि एका पायातही मोजायला सांगा. सिस्टर हसल्या तर हसू दे, डॉक्टरांचीच ही पद्धत आहे. हात बारीक असेल तर पट्टाही लहान हवा. मोठ्या पट्ट्यानं बीपी आहे त्यापेक्षा कमी दिसतं.

या मुलींचं बीपी लहान वयातही वाढू शकतं. कधी मूत्रपिंडाची रचना वेगळी असते, कधी कारण सापडतही नाही. त्रास काहीच जाणवत नाही, म्हणून वर्षातून एकदा तरी मोजायचंच. वाढलेल्या बीपीनं महाधमनी हळूहळू रुंद होते आणि क्वचित तिचा आतला थर फाटतो. छातीत किंवा पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ आली, तर गॅस समजून ओवा देत बसू नका. १०८ ला फोन करा आणि टर्नर आहे, हे आधी सांगा.

निदान झालं की टू-डी एको करून घ्यायचा. पहिला चांगला आला तरी डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करायचा. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं. जन्मजात हृदयदोष ओळखणं हे त्यांच्या कामातच आहे, त्यांना मुलगी जरूर दाखवा.

पाळीसाठी दिलेल्या हार्मोनच्या गोळ्या बीपीच्या भीतीनं मनानंच बंद करू नका, हाडांनाही त्या लागतात. बीपीची गोळीही बरं वाटलं म्हणून सोडायची नाही.

लग्न झालेल्या ताईंना कुणी दुसऱ्या स्त्रीचं बीज घेऊन मूल होऊ द्या म्हणालं, तर आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. गरोदरपणात महाधमनीवर ताण वाढतो. काही जणींना डॉक्टर स्पष्ट नको म्हणतात. सासू रागावेल. रागावू दे.

एकोसाठी जिल्ह्याला जायला गाडीभाडं नसेल तर गटाचं अंतर्गत कर्ज आहेच. ठरावात कारण 'आजारपण' एवढंच लिहा. मुलीच्या आजाराचं नाव नको, आपलं रजिस्टर चार जण चाळतात.