आईच्या हंड्यांचा हिशेब

(जामसंडे येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





आईविषयी दोन शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली. आईवर बोलणे सोपे असते. जन्नत आईच्या पायांखाली आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि ऐकता ऐकता डोळेही पुसतो. मी गणिताची निवृत्त शिक्षिका आहे. तेव्हा आपली परवानगी असेल तर मी एक गणित घालते. मुलांनी ते तोंडी सोडवावे.

जामसंड्याच्या सड्यावर कातळात सुरुंग लावून खड्डे काढले, त्यांत माती भरली आणि हापूसची साठ कलमे लावली. नव्या कलमाला पहिली काही वर्षे उन्हाळ्यात पाणी घालावे लागते. एका कलमाला एक हंडा, तोही एक दिवसाआड. विहीर खाली आणि सडा वर. एका बाईने डोक्यावर एक व कमरेवर एक असे हंडे वाहिले. जानेवारीपासून मृगापर्यंत दीडशे दिवस धरा. तीन उन्हाळ्यांत एकूण हंडे किती झाले?

उत्तर 13,500.

ही बाई म्हणजे माझी आई. वडील बोटीवर खलाशी होते, वर्षातून एकदा घरी यायचे. पैसे त्यांनी पाठविले, हे मी नाकारीत नाही. परंतु ती झाडे जगली ती त्या हंड्यांवर. आता विद्यार्थ्यांनी सातबारा आठवावा. सात नंबरात जमीन कोणाच्या नावावर, ते लिहिलेले असते; बारा नंबरात पीक कोणते, ते असते. पाणी कोणी घातले, याला त्यात रकाना नाही. 2019 साली भारत सरकारने माणसे दिवसाचा वेळ कशात घालवितात याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांची बिनमोल घरकामाची सरासरी दिवसाला 299 मिनिटे निघाली आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची 97. आमच्या घरी मात्र ही पाहणी करायला कोणी आले असते, तर आईने त्याला आधी पाणी दिले असते आणि "मी काय करतंय, घरीच असतंय" असे सांगून परत पाठविले असते.

आईला अक्षरओळख नाही. पण हिशेब! प्रत्येक पेटी भरली की ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढायची. पाच रेघा झाल्या की आडवा फराटा. मी पाचवीत असताना मुंबईहून दलालाची पट्टी आली. ती मला म्हणाली, "वाच गो बाय, किती पेटये?" मी वाचले : एक्केचाळीस. तिने भिंतीकडे पाहिले आणि सांगितले, पंचेचाळीस गेल्या होत्या. तिने माझ्याकडून कार्ड लिहून घेतले. पुढच्या पट्टीत चार पेट्यांचे पैसे जादा आले. लोक म्हणाले, पोरगी शिकली म्हणून बरे झाले. मला आजही वाटते, त्यात माझे शिक्षण अर्धेच होते. बाकीचे त्या भिंतीवर होते. परंतु त्या दिवसापासून माझी शाळा सुटावी असे कोणी घरात बोलले नाही. मी शिक्षिका झाले ती त्या चार पेट्यांमुळे.

येथपर्यंत सांगायला मला आनंद होतो. पुढचे सांगणे जड आहे.

वडील 1990 साली वारले. वारसनोंद झाली. विधवेला मुले असताना आठवा हिस्सा मिळतो, हे येथे बसलेल्यांना मी सांगायला नको. काही दिवसांनी घरातील वडीलधाऱ्यांनी ठरविले की, आईने व मुलींनी हक्क सोडावा म्हणजे मुलांची वहिवाट सोपी होईल. कागद आला. मी सही केली. माझे लग्न झाले होते, आणि माहेर तुटू नये ही भीती प्रत्येक मुलीला असते. आईचा अंगठा धरून शाईवर ठेवला गेला. पट्टी वाचून दाखविणारी तिची मुलगी तेव्हा तिच्या शेजारीच बसली होती. तो कागद मी तिला वाचून दाखविला नाही.

माझे भाऊ वाईट नाहीत. आईला ते नीट सांभाळतात, सुना तिला गरम पाणी देतात. पण डोळे तपासायला जायचे तरी तिला पैसे मागावे लागतात, आणि ज्या झाडांना तिने पाणी घातले त्यांचा पहिला आंबा तिला कोणीतरी आणून द्यावा लागतो.

शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने बायकोचे नाव जमिनीवर लावण्याची मोहीम काढली होती, लक्ष्मीमुक्ती नावाची. 1992 साली शासनानेही नवऱ्याच्या अर्जावरून पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. येथे बसलेल्या किती बापांनी तो अर्ज केला, हे मी विचारीत नाही. घरी गेल्यावर त्यांच्या मुलींनी विचारावे. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव लागते, मग बापाचे. चांगली गोष्ट झाली. आणि मुलींनो, आपणही सुटलो नाही : 2007 च्या कायद्याने आईबापांच्या चरितार्थाची जबाबदारी मुलाइतकीच मुलीवरही आहे. परक्याचे धन म्हणून हात झटकता येत नाहीत. मीही पुष्कळ वर्षे झटकले.

गेल्या रमजान ईदला सगळे घरी जमलो असता मी भावांसमोर तेच गणित मांडले. थोरला बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, विहिरीकडची आठ कलमे अम्माच्या नावावर करू. साठाचा आठवा हिस्सा साडेसात येतो. त्याने आठ धरली. धाकट्याने अद्याप हो म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही.

बक्षीसपत्राचा मसुदा तयार होऊन आला. आई आता पंच्याऐंशीच्या घरात आहे, दिसते अंधुक. मी कागद हातात घेतला तशी ती म्हणाली, "वाच गो बाय." या खेपेस मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तिने पुन्हा वाचायला लावला. मग विचारले, विहिरीवर जायची वाट लिहिली आहे काय?

लिहिलेली नव्हती. तिने अंगठा दिला नाही. कागद दुरुस्तीला परत गेला आहे.