खडक कोणाला धरून राहतो?
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



मागे हळदीकुंकवाच्या वेळी आपल्यापैकी एकीने मला विचारले, "कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड म्हणे जमिनीत पुरतात. हे केर सतरंजीखाली लोटण्यासारखेच नाही का? उद्या तो वर आला तर?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर आज माझ्या कुवतीप्रमाणे देते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. हा वायू एखाद्या पोकळ गुहेत भरीत नाहीत. वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण एकमेकांना चिकटून झालेला दगड. त्या कणांमधल्या बारीक फटी खोलवर खाऱ्या पाण्याने भरलेल्या असतात. सुमारे ८०० मीटरच्या खाली दाब इतका असतो की हा वायू विरळ न राहता जवळजवळ द्रवासारखा दाट होतो. तो त्या फटींत दाबून भरतात. तरीही पाण्यापेक्षा तो हलकाच. म्हणून वर चढू पाहतो. त्याला अडवणार कोण?

येथे आपला घरचाच अनुभव कामी येतो. अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब टाका; गोल होऊन घरंगळतो. तोच थेंब कोऱ्या माठावर टाका. लगेच पसरतो आणि मुरतो. खडकांचेही तसेच आहे. स्वच्छ वालुकाश्म माठाच्या जातीचा. पाणी त्याच्या कणाकणाला लपेटून बसते आणि वायूला फटीच्या मधोमध जागा मिळते. वायू पुढे सरकला की मागून पाणी कडेकडेने परत येते आणि फटीच्या अरुंद गळ्याशी त्याची धार तोडते. तुटलेले थेंब जिथल्या तिथे अडकतात.

जो वायू सुटून वर जातो, त्याच्या वाटेत चिकणमातीच्या खडकाचा थर हवा. घरी एक प्रयोग करून पाहा. कोरडे फडके तोंडाशी ताणून धरा व फुंकर घाला. हवा पार जाते. तेच भिजवून धरा, हवा अडते. वरच्या थराच्या फटी फडक्याच्या छिद्रांहून कितीतरी बारीक. त्यांतले पाणी हटवायला फार मोठा दाब लागतो.

मात्र खडकाच्या अंगाला तेलकट किंवा सेंद्रिय पदार्थांचा लेप बसला असेल, तर तो माठाचा अळूकडे झुकतो. मग पाण्याची पकड सैल होते, थेंब कमी अडकतात आणि वरचे झाकणही कमी दाबाला वाट देऊ शकते. म्हणून खडकाचा तुकडा खोलवरच्याच दाबात व उष्णतेत तपासतात. तो तुकडा नीट स्वच्छ नसेल तर मोजणी चुकते. भांडी घासणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको!

आता अनुभव काय सांगतो? नॉर्वेने १९९६ साली उत्तर समुद्रातील स्लाइप्नर येथे समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात हा वायू भरण्यास आरंभ केला. पहिल्या वीस वर्षांत दीड कोटी टनांहून अधिक वायू तेथे गेला. जमिनीत ध्वनिलहरी सोडून त्याचा माग वारंवार काढला गेला. वायू वर चढला, पसरला, पण झाकणाच्या थराखालीच राहिला.

तेव्हा माझ्या मैत्रिणीला माझे उत्तर असे: खडक नीट पारखला आणि नंतरही त्यावर डोळा ठेवला, तर हा सतरंजीखालचा केर नव्हे. न पारखता पुरला, तर मात्र तोच. आणि धूर मुळातच कमी करणे हे पहिले काम. पुरणे हे त्याच्या मागचे.

आपल्या मुलाबाळांच्या पायाखाली उद्या कोणी हा वायू पुरू म्हणाले, तर भगिनींनो, भिऊ नका आणि भुलूही नका. एवढेच विचारा: "तुमचा खडक पाण्याला धरून राहतो का, आणि ते तुम्ही तपासले आहे का?"