हाताखालचीं माणसें



कचेरींत, कारखान्यांत किंवा शाळेंत ज्याच्यावर पांचपंचवीस माणसांच्या कामाची जबाबदारी असते, तो त्या माणसांचा उल्लेख करतांना ‘माझ्या हाताखालचीं माणसें’ असें सहज बोलून जातो. मीहि पुष्कळ वर्षें तसेंच म्हणत असें. हाताखालीं जें आहे तें आपणांस पुरें ठाऊक आहे, असें हा शब्दप्रयोग आपल्या मनांत भरवितो. वस्तुतः तळहाताखालीं असतें तेवढेंच नेमकें दृष्टीआड असतें.

खानदेशांतील एका लहान गांवीं मी एका जिनिंग फॅक्टरीचा व्यवस्थापक होतों. कापसाचा हंगाम म्हणजे काय, हें जळगांव-धुळ्याच्या श्रोत्यांस सांगावयास नको. दाराशीं गाड्यांची रांग, आंत रुईची धूळ, रात्रंदिवस चालणारे रेचे, आणि मालकांची एकच विचारणा: आज गाठी किती बांधल्या? अशाच एका आठवड्यांत एका फिटरानें पट्टा तपासण्यासाठीं मला न विचारतां यंत्र थांबविलें. मीं त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. नियमाप्रमाणें माझें कांहींच चुकलें नव्हतें.

पुढच्या आठवड्यांत रात्रपाळीला एक बेअरिंग तापलें व भोंवतीं सांचलेल्या रुईनें पेट घेतला. आग तासाभरांत आटोक्यांत आली. परंतु रुईची एक मोठी रास गेली आणि दोघां मजुरांचे हात भाजले. चौकशींत निघालें तें असें: यंत्रांना तेल घालणाऱ्या गड्याला बेअरिंग तापल्याचें सायंकाळींच कळलें होतें. रेच्यांवर कापूस घालणाऱ्या बायांनाहि करपल्याचा वास आला होता. सांगितलें मात्र कोणींच नाहीं. मीं चिडून कारण विचारलें, तेव्हां त्यांतील एक वयस्क बाई अगदीं शांतपणें म्हणाली, “तुमले सांगीसन काय उपेग, साहेब?”

त्या आगीची बातमी फॅक्टरींत सर्वांजवळ होती. ती माझ्यापर्यंत येण्याची वाट मींच अर्ध्या दिवसाच्या मजुरींत बंद करून टाकली होती.

पुढें वाचनांत दोन हकीकती आल्या. दोहोंचा आरंभ १९२४ सालचा. पहिली अमेरिकेंतील. शिकागोजवळ हॉथॉर्न येथें वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोनचीं उपकरणें बनविण्याचा कारखाना होता. दिव्यांचा उजेड वाढविल्यास काम वाढतें काय, हें तेथें पाहण्यांत येत होतें. उजेड वाढविला तेव्हां काम वाढलें. कमी केला तेव्हांहि तें म्हणावें तसें घटेना! तेव्हां कामाचें रहस्य केवळ दिव्यांत नाहीं, अशी शंका येऊन १९३२ पर्यंत निरनिराळे प्रयोग चालले. एल्टन मेयो ह्या अभ्यासकाचें नांव त्यांच्याशीं कायमचें जोडलें गेलें. ह्या प्रयोगांच्या निष्कर्षांवर विद्वानांनीं नंतर पुष्कळ आक्षेप घेतले आहेत. मजुरीचें महत्त्व त्यांत झांकलें गेलें, हा आक्षेप मला तरी रास्त वाटतो. गोड बोलण्यानें कोणाची चूल पेटत नाहीं. परंतु तेथें १९२८ पासून २१,००० हून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, तो भाग मी पुनःपुन्हां वाचला. आरंभीं ठराविक प्रश्न विचारीत. मग ध्यानांत आलें कीं, माणसाच्या मनांत दुसरेंच कांहीं असतें. तेव्हां प्रश्न सोडून त्याला हवें तें बोलूं देण्याची रीत पडली.

दुसरी हकीकत आपल्या घरची. त्याच १९२४ सालीं पांडुरंग सदाशिव साने नांवाचे एक तरुण शिक्षक अमळनेरच्या शाळेंत रुजू झाले. पुढें छात्रालयाची व्यवस्थाहि त्यांच्याकडे आली. मुलें बाहेर गेलीं म्हणजे साने गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, अस्ताव्यस्त पडलेले कपडे आवरून ठेवीत. मुलांसाठीं हातानें लिहून ते ‘छात्रालय दैनिक’ काढीत. १९३० सालीं नोकरी सोडून ते सत्याग्रहांत शिरले. १९३२ मध्यें धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं दर रविवारीं गीतेवर प्रवचनें दिलीं, तेव्हां तीं उतरून घेणारे लेखनिकहि गुरुजीच होते. ज्याला ऐकावयाचें कसें हें साधलें, त्याच्याच शब्दाला मुलें मान देत, यांत मला नवल वाटत नाहीं.

आतां कोणी व्यवस्थापकानें उद्यां केरसुणी हातीं घेतली तर लोक हंसतील, आणि तें बरोबरच होईल. परंतु ज्याच्या खोलीचा केर आपण काढतों, त्याचें अंथरूण फाटलेलें आहे हें आपणांस न विचारतां कळतें. छात्रालयाच्या कचेरींत बसून तें कळलें नसतें.

मीं पहिली गोष्ट केली ती ही कीं, त्या फिटराची कापलेली मजुरी सर्वांदेखत परत दिली. मग पाळी सुरू होण्यापूर्वीं पाव तास आवारांत हिंडूं लागलों. पहिले पंधरा दिवस कोणी मोकळेपणानें बोलेना. साहेब कसला तरी पत्ता काढीत आहेत, अशी कुजबूज मात्र चाले. पुढें मुकादमाशीं माझा घरोबा जमला. त्याच्या ओट्यावर बसून मी चहा घेऊं लागलों. वाटलें, साधलें! पण बायांनीं मुकादमासमोर बोलणेंच टाकलें, कारण त्याच्या कानांत पडलेलें माझ्या कानांत जातें, असा त्यांचा ग्रह झाला. एकाशीं केलेली सलगी ही दहांशीं घेतलेली फारकत ठरते, हें मला फार उशिरां कळलें. तो चहा मीं फॅक्टरीच्या दाराशीं, सर्वांबरोबर उभ्यानें घेण्याची संवय लावून घेतली. मुकादम चार दिवस रुसला.

दुसऱ्या वर्षीं, पौषाच्या ऐन थंडींत, मध्यरात्रीं माझ्या दाराची कडी वाजली. बाहेर तोच तेल घालणारा गडी उभा. म्हणाला, बेअरिंग तापल्यासारखें वाटतें, यंत्र थांबवून आलों आहे. मी घोंगडी ओढून त्याच्याबरोबर गेलों. फिटरानें हात लावून पाहिलें, मींहि पाहिलें. बेअरिंग चांगलें थंड होतें. गडी ओशाळून खालीं मान घालून उभा राहिला. मीं त्याला म्हटलें, “उद्यां पुन्हां वाटलें तर पुन्हां ये.” आणि आम्ही तिघांनीं दाराशीं चहा घेतला.