सुरुंगांच्या वाटेवर केशराचा कंद
(व्याख्यानाचे शब्दांकन)



सणासुदीला श्रीखंडात केशराच्या चार काड्या घालताना गृहिणीचा हात जपूनच चालतो, आणि ते योग्यच आहे. एक किलो केशरासाठी सुमारे दीड लाख फुले खुडावी लागतात. एका फुलात तांबडे तंतू अवघे तीन, आणि तेही हातानेच वेगळे करावे लागतात. संस्कृतात केशराला ‘काश्मीरज’ असे नाव आहे. आजची कथा मात्र काश्मीरच्याही पलीकडची, अफगाणिस्तानातील हेरात प्रांताची आहे.

हेरात हा प्रदेश आपल्याला सर्वस्वी परका नाही. तेथून वाहणाऱ्या हरीरूद नदीचे अवेस्तातील ‘हरोयू’ हे नाव आणि आपली ‘शरयू’ हे शब्द सगोत्र आहेत. याच नदीवर भारताने सलमा धरण पूर्ण केले आणि ४ जून २०१६ रोजी ‘अफगाण-भारत मैत्री धरण’ म्हणून त्याचे लोकार्पण झाले.

इराणमध्ये आश्रयाला गेलेले अफगाण शेतकरी १९९०च्या दशकात परतले, तेव्हा त्यांच्याबरोबर केशराची शेतीही हेरातमध्ये आली. पाणी कमी लागते, एकदा लावलेला कंद काही वर्षे फुलत राहतो, आणि फुलांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, इतर कामे ओसरल्यावर येतो. अफूच्या विळख्यात सापडलेल्या देशात हे पीक म्हणजे मोठीच आशा होती. अडचण होती ती गिऱ्हाइकाची. बराचसा माल शेजारच्या इराणमध्ये स्वस्तात जाई आणि तेथील नावाने जगात विकला जाई. कष्ट अफगाण शेतकऱ्याचे, नाव आणि नफा दुसऱ्याचा!

येथे काही माजी सैनिक पुढे आले. अमेरिकी सैन्यातील किंबर्ली जंग यांच्याकडे अफगाणिस्तानात रस्त्यांवर पेरलेली स्फोटके शोधण्याचे काम होते. त्यांच्या सहकारी एमिली मिलर यांनीही तेथे सेवा बजावली होती. कीथ अलानिझ या अधिकाऱ्याची एका केशर-उत्पादकाशी गाठ पडली. त्याच्याकडे उत्तम माल होता, पण परदेशी बाजाराची वाट नव्हती. २०१४मध्ये या मंडळींनी ‘रूमी स्पाइस’ ही कंपनी स्थापन केली. थेट शेतकऱ्यांकडून केशर घ्यायचे, तंतू वेगळे करण्याचे काम हेरातमधील स्त्रियांना द्यायचे आणि माल अमेरिकेतील स्वयंपाकघरांपर्यंत पोहोचवायचा, अशी ही योजना होती. युद्धकाळात परदेशी मदतीचा पूर तेथे अनेकदा येऊन गेला होता. या माजी सैनिकांनी मात्र शेतकऱ्याला याचक न मानता व्यापारी मानले.

केशराने अफूचा प्रश्न सुटला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. अफूचे मोठे क्षेत्र दक्षिणेत, हेलमंद-कंदाहारकडे होते, तर केशर प्रामुख्याने पश्चिमेत पिकते. पुढे १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले. मुलींच्या माध्यमिक शाळा बंद झाल्या. डिसेंबर २०२२मध्ये विद्यापीठांची दारेही स्त्रियांना मिटली आणि स्वयंसेवी संस्थांतील त्यांच्या नोकऱ्यांवर बंदी आली. वीस वर्षांच्या लष्करी सामर्थ्याने उभी केलेली राज्यव्यवस्था काही दिवसांत कोसळली. केशराचा कंद मात्र जमिनीत राहिला. हेरातमध्ये शरद ऋतूत फुले उमलणे थांबले नाही, आणि ती खुडणारे हातही थांबले नाहीत.

सेवाकार्यात वावरणाऱ्या प्रत्येकाने यातून एक कठोर प्रश्न स्वतःला विचारावा. आपण वस्तीवर जातो, वर्ग चालवतो, साहित्य वाटतो. उद्या आपले जाणे थांबले, तर तेथे काय उरेल? केवळ आपली आठवण उरणार असेल, तर ते कार्य अपुरे आहे. शिकलेले कौशल्य, हाती आलेली बाजारपेठ, आपल्या मालाचा भाव स्वतः सांगण्याची हिंमत उरली, तरच ती सेवा रुजली म्हणायची.

आपल्याकडेही सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या सैनिक दिले. पन्नाशीच्या आत घरी परतणाऱ्या त्या जवानांजवळ शिस्त असते, नियोजन असते आणि चार प्रांतांची ओळख असते. निवृत्तीनंतर त्यांना केवळ पहारेकऱ्याची नोकरी सुचवणारा समाज स्वतःचेच नुकसान करून घेतो. गावच्या शेतमालाला बाजार मिळवून देण्याचे नेतृत्व त्यांच्याकडे का येऊ नये?

गणवेश उतरतो, व्रत उतरत नाही. कंद लावणाऱ्याने फुलांवर आपले नाव शोधायचे नसते. ती दर हंगामाला उमलतात, यातच त्याने समाधान मानायचे असते.