श्वास आत घेताना आवाज येतो का?

मी बोलतेय सिहोऱ्यावरून, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. आज माझा आवाज घोगरा वाटेल आणि मध्येमध्ये मी दम घ्यायला थांबेन. एडिटिंगमध्ये ते थांबे तसेच ठेवलेत, कारण आजचा विषयच तो आहे.

मला जीपीए नावाचा दुर्मिळ आजार आहे. पूर्ण नाव ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस. पाठ करायला मलाच पंधरा दिवस लागले, तुम्ही टेन्शन घेऊ नका. यात रोगाशी लढणारी आपली यंत्रणा आपल्याच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते. नाक, सायनस, फुप्फुस, किडनी, कुठेही सूज येते. जुन्या पुस्तकांत याला वेगेनरचा आजार म्हणतात. त्या जर्मन डॉक्टरचा नाझींशी असलेला संबंध उघड झाला आणि २०११ मध्ये तज्ज्ञांच्या संघटनांनी नाव बदललं.

माझी श्वासनलिका स्वरयंत्राच्या लगेच खाली आवळली आहे. याला सबग्लॉटिक स्टेनोसिस म्हणतात. श्वासनलिकेच्या बाकीच्या कड्या मागच्या बाजूने उघड्या असतात, पण या जागेची कडी अंगठीसारखी पूर्ण बंद असते. म्हणजे आत सूज आली की बाहेर सरकायला जागाच नाही, वाटच बारीक होते. आणि हिशेब बघा: नळी निम्मी अरुंद झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, जवळजवळ सोळापट वाढतो. म्हणून बरेच दिवस काही जाणवत नाही, आणि मग एकदम जिना चढताना जीव जातो की काय असं होतं.

सुरुवातीला सगळ्यांनाच दमा वाटला. आमच्याकडे धान चुरायच्या दिवसांत इतकी धूळ असते, की धाप लागली म्हणजे दमाच, असं गावच ठरवून टाकतं. टीबीची तपासणी झाली, निगेटिव्ह आली. पंप सुरू झाला. पंपाने काडीचा फरक पडला नाही. नाकातून रक्ताच्या खपल्या पडायच्या, पण नाकाचा आणि श्वासाचा संबंध असेल असं कुणाच्या मनात आलं नाही.

आता आजची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ऐका. दम्याची शिट्टी जास्त करून श्वास सोडताना वाजते. गळ्याजवळ वाट अरुंद असेल तर करवतीसारखा आवाज श्वास आत घेताना येतो. डॉक्टर त्याला स्ट्रायडर म्हणतात. पण दवाखान्यात शांत बसलं की आवाज कमी होतो. मग माझ्या भावाने काय केलं, मी जिना चढून आल्यावर मोबाइल तोंडाजवळ धरून अर्धा मिनिट रेकॉर्ड केलं. नागपूरच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ते दोनदा ऐकलं आणि घशातून दुर्बीण घालायची ठरवली. पुढे सीटी स्कॅन, रक्तातली अँका नावाची तपासणी, आणि आजाराला नाव मिळालं.

उपचार दोन बाजूंनी चालतात. भूल देऊन फुग्याने वाट रुंद करतात, तिथेच स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. आणि मूळ आजार दाबायला स्टेरॉइडच्या गोळ्या, रिटुक्सिमॅबसारखी औषधं. वाट पुन्हा आवळू शकते. माझी दोनदा आवळली. म्हणून "बरी झालीस का?" या प्रश्नाला माझं उत्तर असतं, "सध्या मोकळी आहे."

दिसायला मी ठणठणीत. त्यामुळे रोवणीच्या वेळी बायका म्हणतात, पोरगी कामचुकार आहे. आई मात्र म्हणते, "तू धुऱ्यावर बस बाई, बांधीत उतरू नको." मी धुऱ्यावर बसून मजुरीचा हिशेब लिहिते. सुरुवातीला लाज वाटायची. आता आमच्या घरचा हिशेब माझ्याशिवाय जुळत नाही. (हसते)

रोज सकाळी मी पीक फ्लो मीटरमध्ये फुंकते आणि आकडा लिहून ठेवते. आकडा सलग घसरायला लागला की डॉक्टरांना फोन. पर्समध्ये एक चिठ्ठी असते: "श्वासनलिका अरुंद आहे, नळी घालायची वेळ आली तर लहान मापाची लागेल." मी बेशुद्ध असले तर ती चिठ्ठी माझ्या वतीने बोलेल.

तुमच्या घरात कुणाचा दमा पंपाने हलतच नसेल, आवाज घोगरा झाला असेल, नाकातून वारंवार रक्त येत असेल, तर पंप मनाने बंद करू नका. श्वासाचा आवाज रेकॉर्ड करा, डॉक्टरांना ऐकवा आणि "गळ्याची वाट तपासायची का?" एवढं विचारा. आणि बसल्या जागी आवाज येत असेल, एक वाक्यही पुरं बोलता येत नसेल, तर वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा.

आजचा भाग गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नक्की टाका. मी आता पाणी पिते, दम घेते. पुढच्या भागात भेटू!